पोटातला मी, विहिरीतला मी

मित्रांनो, मी एक जुना जंतू आहे. लगेच नाक मुरडू नका, निदान माझं बोलणं पुरं होईपर्यंत तरी. कीर्तनात महाराज नमन करतात तेव्हा मागचे लोक अजून चपला ठेवायला जागा शोधत असतात. तरीही महाराज रागावत नाहीत. मीही रागावणार नाही. या, बसा.

मी माणसाच्या पोटात राहतो. नेमकं सांगायचं तर मोठ्या आतड्यात. तिथे उजेड नाही, वारा नाही, ऊब मात्र बारमाही. शास्त्रज्ञांनी मला बॅक्टेरॉइड्स असं भारदस्त नाव दिलं आहे. वय विचाराल तर सांगता येणार नाही, कारण आमच्यात म्हातारपण नसतं. खाऊनपिऊन तृप्त झालो की आम्ही एकाचे दोन होतो. त्यातला थोरला कोणता, धाकटा कोणता, हे आमचं आम्हालाही कळत नाही. दोघेही 'मी' म्हणतात आणि दोघांचंही खरं असतं. म्हणून या गोष्टीत मी एकाच वेळी दोन ठिकाणी दिसलो तर गोंधळू नका. पोटात राहिलो तो मीच, आणि विहिरीत गेलो तोही मीच.

ज्यांच्या पोटात माझं घर आहे त्यांचं नाव सोमशेखर. ते सोलापूरला राहतात आणि शिवकीर्तन करतात. लोक त्यांना महाराज म्हणतात, त्यांची लेक सिद्धेश्वरी अप्पा म्हणते. मी त्यांच्याकडे त्यांच्या आईकडून आलो, ते अगदी तान्हे असताना. त्यांना दात यायच्या आधीपासूनचा मी सोबती. माझं काम साधं आहे. ज्वारीच्या भाकरीतला, भाजीच्या देठातला जो चिवट भाग माणसाला पचत नाही, तो मी फोडतो. थोडं मला, थोडं त्यांना. या कामाबद्दल मला कधी कुणी शाबास म्हटलं नाही. पोट दुखलं तर माणूस पोटाला आठवतो. दुखत नसताना कोण आठवतं?

पण मला एक सुख मिळालं आहे, जे फार थोड्यांना मिळतं. मी जन्मभर कीर्तन आतून ऐकलं आहे. कान नसले म्हणून काय झालं? मृदंगावर थाप पडली की आमच्या घराच्या भिंती थरारतात. महाराज एखादं पद लांबवत नेतात तेव्हा त्यांचा श्वास खोल उतरतो आणि आमच्या सगळ्या गोतावळ्याला संथ झोका मिळतो. तुम्ही कीर्तनाला बसता, मित्रांनो. मी कीर्तनात झोपतो, जागतो आणि वाढतो.

दर श्रावणात महाराज वळसंगच्या पुढे एका वस्तीवर महिनाभर मुक्कामाला जातात. तिथे एक मठ आहे आणि मठाला लागून दगडी विहीर. विहिरीच्या चढाच्या अंगाला महाराजांची खोली. उताराच्या अंगाला गिरिजाबाईंचं घर, आणि घरापुढे म्हशींना पाणी पाजायचा हौद. एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

गिरिजाबाई एकट्या राहतात. तीन म्हशी हाच त्यांचा संसार. त्यातली कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी यंदा गाभण होती. श्रावणात रोज दुपारी गिरिजाबाई तांब्याभर ताक घेऊन महाराजांच्या उंबऱ्याशी यायच्या.

"घ्या महाराज. सांजच्याला गळा वर चढवायचाय."

"इतकं घट्ट ताक पाजलंत तर गळा राहील बाजूला, मीच आडवा होईन."

"व्हा की आडवं. एक दिवस तरी लोक येळेवर जेवतील."

महाराज हसत हसत ताक प्यायचे आणि ते हसू ताकाबरोबर खाली आमच्यापर्यंत यायचं. ताकातले जंतू आमच्याकडे पाहुणे म्हणून येतात. फार दिवस राहत नाहीत, पण असतात तोवर घर गजबजतं. मी त्यांची वाट पाहायचो.

त्या मठाची एक रीत होती. कीर्तन संपलं की विहिरीचं पाणी तांब्याच्या घंगाळात देवापुढे ठेवायचं आणि महाराजांनी स्वतः पळीपळीनं सगळ्यांना तीर्थ द्यायचं. वर खडीसाखरेचा खडा. पोरं एकदा तीर्थ घेऊन पुन्हा रांगेत शिरायची. महाराजांना ते कळायचं, तरी ते पुन्हा द्यायचे. वस्तीत कुणाकडे बोअर होतं, कुणाकडे फिल्टर. तीर्थ मात्र सगळ्यांच्या तळहातावर त्याच विहिरीचं.

यंदा महाराजांचे गुडघे धरले होते. मठाचा कारभार गुरुबसप्पा पाहतात. त्यांचा महाराजांवर फार जीव. त्यांनी श्रावणाआधी ठरवूनच टाकलं. "ह्या वयात महाराजांनी टमरेल घिऊन रानात जायाचं, आन् आमी बघत बसायचं व्हय?"

त्यांनी महाराजांच्या खोलीला लागून संडास बांधला. आत पांढऱ्या फरशा, उठताना धरायला भिंतीत लोखंडी दांडा. गुडघ्यांचा इतका विचार महाराजांच्या घरीही कुणी केला नव्हता. गवंडी म्हणाला, "अण्णा, खड्डा जरा लांब घिऊ का? विहीर लई जवळ हाय."

गुरुबसप्पा म्हणाले, "जवळ हाय म्हणून तर हितं बांधतोय. पोहरा वडला, बादली भरली, झालं. लांब नेऊन काय महाराजांना पानी वाहायला लावतोस?"

सगळ्यांना ते पटलं. भक्तीनं केलेलं काम चुकीच्या जागी असू शकतं, असं त्या दिवशी कुणाच्याही मनात आलं नाही.

त्या खड्ड्यात मी उतरलो, मित्रांनो. दुसरीकडे जाणार तरी कुठे? वरून श्रावणाच्या सरी आल्या. तिथली काळी माती पातळ आहे. खाली मुरूम, आणि मुरमाखाली खडकाच्या भेगा. पाणी उताराला निघालं आणि मला घेऊन गेलं. काळोख होता तोवर मला बरं वाटत होतं. मग अचानक गारवा आला, मोकळी हवा आली, वरून गोल उजेड पडला. मी विहिरीत होतो.

विहीर सुंदर होती. पण माझ्यासाठी नव्हती. मला मोकळी हवा सोसत नाही. विहिरीत मी वाढू शकत नाही, एकाचे दोन होऊ शकत नाही. थोड्याच दिवसांत मी तिथे विझलो. मात्र माझ्या अंगात माझ्या कुळाची एक खूण असते, ती विझल्यावरही काही काळ पाण्यात टिकते. ती खूण एवढंच सांगते की या पाण्यात माणसाच्या पोटातून काहीतरी आलं आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्यावर उगीच आळ घ्याल. विहिरीत मी कुणाला आजारी पाडलं नाही. पण ज्या वाटेनं मी गेलो त्या वाटेनं दुसरेही जातात. तो संडास महाराजांसोबतचे टाळकरी वापरायचे, आलेगेले पाहुणे वापरायचे. त्यातल्या एकाचं पोट बिघडलेलं होतं. त्याच्या पोटातले वाईट जंतू माझ्या मागोमाग विहिरीत उतरले.

वस्तीतल्या पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. आरोग्य केंद्राची माणसं पाणी घेऊन गेली आणि निरोप आला की विहिरीच्या पाण्यात विष्ठेचे जंतू आहेत, रोज ब्लीचिंग पावडर टाका, पाणी उकळून प्या. विष्ठा कुणाची, ते त्या तपासणीत कळत नव्हतं.

"इष्ठा म्हंजे शेणच की," गुरुबसप्पा म्हणाले. "विहिरीपाशी म्हशी कुणाच्या हायत?"

पावडर रोज सकाळी पडू लागली. पण तीर्थाला औषधाचा वास यायला नको, म्हणून पावडर टाकायच्या आधीच घंगाळ भरून ठेवायची पद्धत पडली. आदल्या दिवशीच्या पावडरीचा जोर तोवर ओसरलेला असायचा आणि रात्रभर खड्ड्यातलं पाणी विहिरीत झिरपलेलं असायचं. नेमकं तेच पाणी संध्याकाळी देवापुढे जायचं. देवाचं पाणी शुद्ध ठेवायची ही धडपड पाहून आज मला रडू येतं. जंतूला रडू येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी येतं.

गुरुबसप्पा महाराजांना म्हणाले, "तुमी कीर्तनात एकडाव सांगा. आमचं कोन ऐकतंय?"

महाराजांनी सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. पाणी ही गंगा आहे, तिच्या काठी गुरं बांधू नयेत, एवढंच ते बोलले. पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळ्या मठाच्या माना खांबापाशी बसलेल्या गिरिजाबाईंकडे वळल्या. वस्तीतली कस्तुराबाई हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "देवाच्या पान्यात श्यान कालवायचं आन् वर महाराजांना ताक पाजायचं."

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. गिरिजाबाईंनी म्हशी वस्तीबाहेर न्याव्यात, नाहीतर सोमवारच्या बाजारात विकाव्यात, असं ठरलं. वस्तीबाहेर त्यांची वीतभर जागा नव्हती. म्हणजे बाजारच. चांदीसुद्धा, पोटातल्या रेडकासकट.

महाराजांना त्या बैठकीचं कुणी सांगितलं नाही. पण पोटातल्या आम्हाला त्याच दुपारी कळलं की काहीतरी बिनसलंय. ताक आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. आदल्या खेपेचा रिकामा तांब्या खोलीत तसाच घासून पालथा घातलेला होता, न्यायलाही कुणी आलं नव्हतं. महाराज दुपारी उंबऱ्याशी येऊन बसायचे, उताराकडे बघायचे आणि आत जायचे. संध्याकाळी खांबापाशी जागा रिकामी असायची. पद लांबवताना त्यांचा श्वास पूर्वीसारखा खोल उतरत नव्हता. आमचा झोका अर्ध्यातच थांबायचा.

शुक्रवारी सिद्धेश्वरी आली. ती सोलापुरात सात रस्त्याजवळ पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत काम करते. येताना ती दवाखान्यात जाऊन आली होती, कारण गुरुबसप्पांची नात सृष्टी तिथे सलाइनवर होती.

"अप्पा, आज ताक नाही?" तिनं आल्या आल्या विचारलं.

महाराज म्हणाले, "माझ्या बोलण्यानं आटलं बहुतेक." मग त्यांनी कीर्तनातलं सगळं सांगितलं. बैठकीचं मात्र तिला बाहेर गुरुबसप्पांकडून कळलं.

तिनं त्यांना विचारलं, "काका, तुमच्या घरी तर फिल्टर आहे ना?"

"हाय की. आमची सृष्टी भायेरचं घोटभर पीत न्हाय."

"काहीच नाही?"

"न्हाय म्हंजे... तीर्थ तेवढं." एवढं बोलून गुरुबसप्पांनी मठाकडे पाहिलं. पण त्यांचा संशय म्हशींवरून हलला नाही.

सिद्धेश्वरीनं बर्फाच्या डब्यातून बाटल्या काढल्या. एक विहिरीतून भरली, एक म्हशींच्या हौदातून. गिरिजाबाई दारातून बघत होत्या.

"हौदाचं बी नेतीस? मग दावं बी ने की. त्येला बी तपास."

"गिरिजाअव्वा, म्हशीच्या पोटातला जंतू वेगळा आणि माणसाच्या पोटातला वेगळा. दोघांच्या खुणा वेगळ्या. विहिरीत कोण उतरलंय ते बघते."

"म्हशीचा निगाला तर?"

"तर तसंच सांगेन."

"आन् तुज्या अप्पाचा निगाला तर?"

गिरिजाबाई थट्टेनं बोलल्या होत्या. पण बोलताबोलता दोघींचीही नजर चढावरच्या पांढऱ्या फरशांच्या त्या नव्या खोलीकडे गेली. सिद्धेश्वरीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"तर तेही सांगेन, अव्वा."

बाटलीतून मी सात रस्त्याला गेलो. तिथे मला मलमलीहून बारीक कागदातून गाळलं. मग माझ्या अंगातली खूण बाहेर काढून एका यंत्रात ठेवली. ते यंत्र तापतं, निवतं, पुन्हा तापतं, आणि खूण असेल तर तिच्यासारख्या खुणा भराभर वाढू लागतात, जणू एकानं टाळ वाजवला आणि बघता बघता अख्खा मठ वाजू लागला. मग पडद्यावर एक रेघ वर चढते. हौदाच्या पाण्यात म्हशीच्या पोटातल्या माझ्या चुलतभावाची रेघ चढली. विहिरीच्या पाण्यात तो औषधालाही नव्हता. तिथे फक्त माझी रेघ चढली.

सिद्धेश्वरी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. मला तिला सांगावंसं वाटलं की मी वैरी नाही, तुझ्या अप्पांचा बालपणापासूनचा सोबती आहे. पण माझी भाषा तेवढीच, एक रेघ.

रविवारी संध्याकाळी ती वस्तीवर परत आली. सोमवारी बाजार होता. महाराज कीर्तनासाठी उपरणं घेत होते.

"अप्पा, विहिरीत म्हशीचं काही नाही. माणसाचं आहे. आणि विहिरीजवळ चढाला खड्डा एकच आहे."

महाराज खाली बसले.

"म्हणजे माझं."

"तुमचं एकट्याचं नाही, अप्पा. तो खड्डा सगळेच वापरतात."

"पण तीर्थ मी दिलं, सिद्धू. माझ्या हातानं. पोरं दुसऱ्यांदा आली तर दुसऱ्यांदा दिलं." त्यांनी उपरणं घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "गुरुबसप्पांना काय सांगू? माझ्या गुडघ्यांसाठी त्यांनी जीव टाकून बांधलंय ते. नातीबद्दल कळलं तर माणूस मोडून जाईल."

"नाही सांगितलं तर उद्या चांदी बाजारात जाईल, बैठकीत ठरलंय तसं," सिद्धेश्वरी म्हणाली. "आणि पोरं आज पुन्हा रांगेत उभी राहतील."

महाराज उठले. आधी त्यांनी मठात जाऊन देवापुढचं भरलेलं घंगाळ तसंच बाजूला ठेवायला लावलं. मग कोपऱ्यातला तो पालथा तांब्या घेतला आणि उतार उतरू लागले. लोक मठाकडे येत होते, आणि महाराज मठाकडे पाठ करून निघालेले. गुरुबसप्पा मागे धावले. "महाराज, कुटं? गुडघं... मी आनतो, काय पायजे?" महाराज थांबले नाहीत.

गिरिजाबाई चांदीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बाकीच्या दोन्ही म्हशी धुऊन झाल्या होत्या, बाजारासाठी.

"गिरिजाबाई, ताक आहे?"

त्यांनी मान वर केली नाही. "हाय. पर लोक म्हनत्यात की आमचं ताक..."

"लोक नाही, मी म्हणालो होतो. आणि मी चुकलो होतो." महाराजांनी तांब्या पुढे केला. "ताक द्याल?"

गिरिजाबाई आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग बराच वेळ आला नाही. बाहेर आल्या तेव्हा पदर ओला होता आणि तांब्या काठोकाठ भरलेला. महाराज तिथेच हौदाच्या कडेवर बसले आणि सगळ्या वस्तीच्या देखत प्यायले. आणि मित्रांनो, इतक्या दिवसांनी आमचे पाहुणे परत आले. घर पुन्हा गजबजलं.

मग महाराज गुरुबसप्पांकडे वळले. "पाण्यात म्हैस नाही सापडली, गुरुबसप्पा. आपण सापडलो. खड्ड्यातून विहिरीत, विहिरीतून घंगाळात, आणि माझ्या पळीतून लेकरांच्या तळहातावर."

गुरुबसप्पांनी चढाकडे पाहिलं, मग विहिरीकडे पाहिलं. "म्हंजे माज्या सृष्टीला मीच..."

"तुम्ही माझ्या गुडघ्यांवर माया केलीत. माया खरी होती. जागा चुकली. जागा बदलता येते."

कस्तुराबाई पुढे होती, तिनं मान खाली घातली. तेव्हा गिरिजाबाईंनीच फुलपात्रात ताक ओतलं आणि गुरुबसप्पांपुढे धरलं.

"घ्या अण्णा. सिद्धू म्हनती, पोटात बी लोक ऱ्हात्यात. त्यास्नी तरी उपाशी का ठेवायचं?"

ते प्यायले. खाली मान घालून प्यायले, पण प्यायले.

म्हशी बाजारात गेल्या नाहीत. तो खड्डा उपसून बुजवला आणि नवा उताराच्या पार खाली, विहिरीपासून लांब घेतला. लोखंडी दांडा गुरुबसप्पांनी स्वतः उपटून नव्या जागी बसवला. मधल्या वाटेला त्यांनी धरायला बांबू लावला, म्हणजे महाराजांना काठीही नको. विहीर उपसली, धुतली. हौदसुद्धा गिरिजाबाईंनी आपणहून आणखी खाली नेला. "म्हशीचं बी शेवटी श्यानच," त्या म्हणाल्या.

तीर्थ आता उकळून गार केलेल्या पाण्याचं असतं. पहिल्या दिवशी कस्तुराबाई कुरकुरली, "उकळल्यालं तीर्थ कदी ऐकलं न्हाय."

महाराज म्हणाले, "पाणी उकळतं, कस्तुराबाई. देव नाही उकळत."

सृष्टी दवाखान्यातून आली आणि खडीसाखरेसाठी पुन्हा दोनदा रांगेत उभी राहिली. श्रावण संपता संपता चांदी व्याली. रेडी झाली, आईसारखाच ठिपका घेऊन. त्या दुपारी तांब्यासोबत खरवसाची वाटी आली, आणि ती सोलापूरला सिद्धेश्वरीसाठी बांधून देण्याआधी महाराजांनी त्यातली अर्धी संपवली. मी साक्षीदार आहे.

सिद्धेश्वरीनं विहिरीचं पाणी पुन्हा नेलं. यंत्र तापलं, निवलं, पुन्हा तापलं. माझी रेघ वर चढली नाही. खाली आडवीच राहिली, शांत, एखाद्या निजलेल्या लेकरासारखी. जन्मभर मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ती रेघ पाहून सिद्धेश्वरी एकटीच हसली, आणि ती शाबासकी मी माझीच समजतो.

मित्रांनो, मी तुमच्याही पोटात आहे. या घटकेला, इथेच. मला तिथे कशाचीच कमतरता नाही. तुमची भाकरी मी फोडीन, तुमची पदं मी आतून ऐकीन. मला फक्त विहिरीची वाट दाखवू नका. खड्डा खणाल तो पाण्यापासून लांब आणि उताराला खणा. हात धुवा. आणि कधी पाणी नासलंच, तर कुणाच्या दावणीकडे बोट दाखवायच्या आधी मला विचारा. मी खोटं बोलत नाही, मला येतच नाही.

चला, वर मृदंग लागला. महाराज श्वास घेताहेत. आता आमचा झोका येईल.